चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : भारत आणि बांगलादेशाची पन्नास वर्षे

१९७१ चा जून. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेली माणसे जेसोरच्या रस्त्याने सीमा ओलांडून पश्चिम बंगालमधल्या बनगावात थडकत होती. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली, तेव्हापासून हा लोंढा अखंड सुरू होता. वर्षअखेरीस भारतातल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली. पावसाळा लागला, छावण्यांत चिखल झाला, पाणी नासले आणि पटकीची साथ फैलावली. बनगावच्या रुग्णालयातल्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले असत. त्यांना सलाईन लावायचे तर उलट्या-जुलाबांनी भरलेल्या त्या जमिनीवरच डॉक्टरांना गुडघे टेकावे लागत.

कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातून तिथे आलेले दिलीप महालनोबिस ३६ वर्षांचे बालरोगतज्ज्ञ होते. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आले की ही लढाई आपण हरतो आहोत. सलाईनचा साठा अपुरा होता आणि शीर धरून सुई लावू शकणारी प्रशिक्षित माणसे अवघी दोन होती. तेव्हा त्यांनी ठरवले की ज्याला गिळता येते त्याला पाणी तोंडानेच पाजायचे. त्या काळी हे मोठे धाडस होते. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्याच्या केंद्रात ग्रंथालयाच्या खोलीत हे जिन्नस तोलून पिशव्यांत भरले जात आणि पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने बंद केले जाई. छावणीत ते पिंपातल्या पाण्यात मिसळायचे आणि रुग्णाच्या आईने, भावाने, नवऱ्याने पेला भरून घोट घोट पाजत राहायचे. साथीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. महालनोबिस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले. कृतीची पत्रके सीमेवर वाटली गेली, बांगलादेशी मुक्तिसंग्रामाच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती सांगितली गेली.

यामागचे शास्त्र ढाक्यातच सिद्ध झाले होते. तिथल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये ते रुग्णांवर दाखवून दिले. पटकीच्या माऱ्यात आतडे नुसते मीठ-पाणी शोषून घेत नाही. सोबत ग्लुकोज असेल तर त्याच्याबरोबर मीठ आत जाते आणि मिठामागोमाग पाणी. ढाक्यात सिद्ध झालेला आणि बनगावात तावून-सुलाखून निघालेला हा उपचार दोन्ही देशांच्या हाती एकाच वेळी आला. त्याचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. भारताच्या २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या दर शंभर मुलांपैकी जेमतेम २६ मुलांना जलसंजीवनीची पुडी मिळाली होती. बांगलादेशाच्या २००७ च्या पाहणीत ही संख्या सुमारे ७७ होती. दरडोई उत्पन्नात भारत तेव्हा बराच पुढे होता.

दोन शेजाऱ्यांच्या विकासाची तुलना करायची तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. पैसा किती होता, यापेक्षा साधीसुधी गोष्ट घराच्या उंबरठ्यापर्यंत कोणी नेली, या प्रश्नाने या दोन देशांच्या वाटा ठरवल्या.

राखेतून सुरुवात

१६ डिसेंबर १९७१ रोजी स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाकडे शिल्लक असे फारसे काही नव्हते. वर्षभरापूर्वीच, नोव्हेंबर १९७० मध्ये, भोलाच्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मेली होती. पाठोपाठ युद्ध. पूल उडवलेले, बंदरे बंद, परकीय चलनाच्या नावाने शून्य. आणि एवढ्याशा भूभागावर सात कोटींची लोकसंख्या. युद्ध संपायच्या आधीच वॉशिंग्टनमध्ये हेन्री किसिंजर यांच्यासमोरच्या बैठकीत या देशाचे भविष्य वर्तवले गेले होते: तो कायम जगाच्या मदतीवरच जगेल. १९७४ च्या दुष्काळाने ते खरे ठरते आहे असे वाटू लागले. पूर आला, शेतमजुरांची कामे बुडाली, तांदळाचे भाव गगनाला भिडले. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने ऐन वेळी धान्याची मदत अडवली. सरकारने २६ हजार मृत्यू मान्य केले. इतर अंदाज दहा लाखांच्याही पुढे जातात. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले की त्या वर्षी देशात धान्याची उपलब्धता आदल्या वर्षांपेक्षा कमी नव्हती. धान्य होते; मजुराच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता.

भारताची स्थिती तेव्हा कितीतरी बरी होती. हरितक्रांती रुजली होती, पोलाद कारखाने, आयआयटी, एम्स, नियोजन आयोग, देशभर पसरलेली रेल्वे आणि तालुक्यापर्यंत पोहोचलेली प्रशासनाची घडी, सगळे जागेवर होते. कागदावर पाहिले तर बांगलादेशाने भारताला कशातही गाठण्याचे कारण नव्हते.

अंगणातली शाळा

फजले हसन अबेद चितगावला शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. शिक्षणाने हिशेबतपासनीस. भोलाच्या वादळानंतर त्यांनी किनाऱ्यावर प्रेतांचे ढीग पाहिले आणि त्यांचे आयुष्य पालटले. लंडनमधली आपली सदनिका विकून त्यांनी १९७२ मध्ये ईशान्येकडच्या सुनामगंज भागातल्या शाल्ला या पाणथळ मुलखात निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम सुरू केले. हीच पुढची ‘ब्रॅक’ ही जगातली सर्वांत मोठी म्हणून ओळखली गेलेली स्वयंसेवी संस्था.

१९७९ च्या सुमारास ब्रॅकने ठरवले की जुलाबावरचा उपचार प्रत्येक आईला शिकवायचा. कारखान्यातली पुडी प्रत्येक घरी पोहोचवणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून घरात जे आहे त्यातून कृती बसवली गेली: तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. ऐकायला हे सोपे वाटते, पण यात एक धोका होता. मीठ जास्त पडले तर तेच पाणी मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे नुसते पत्रक वाटून भागणार नव्हते. गावोगाव हिंडणाऱ्या तरुण मुलींच्या तुकड्या तयार झाल्या. त्या घराच्या अंगणात आईसमोर बसत, दहा मुद्दे समजावून सांगत, घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत आणि आईकडून समोर द्रावण बनवून घेत. त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात.

अबेद यांच्यातला हिशेबनीस इथे कामी आला. महिन्याभराने दुसराच माणूस त्यातल्या काही घरी जाई. त्या घरच्या आईला दहापैकी किती मुद्दे आठवतात, द्रावण बरोबर जमते का, हे तो पाही आणि त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. किती घरे फिरलीस याला किंमत नव्हती. आई किती शिकली याला होती.

सुरुवातीला तरीही यश आले नाही. बायका शिकल्या, पण मूल आजारी पडले की ते पाणी पाजणाऱ्या शंभरात दहाही निघेनात. शोध घेतल्यावर कळले की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच गूळ-मिठावर विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या शोधत. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे शास्त्र समजावले आणि शिकवताना बायकांसमोर स्वतः ते पाणी प्यायला सांगितले. दुसरी गोष्ट कळली ती पुरुषांबद्दल. नवऱ्याला आणि सासऱ्याला काहीच सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांचा विरोध होता. मग आठवडी बाजारात, मशिदीत, शाळेत सभा होऊ लागल्या. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या मुली सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन आल्या. पुढे गावच्या दुकानात पुड्या मिळू लागल्या, तेव्हा त्या कशासाठी असतात हे सांगायची गरज उरली नव्हती.

सीमेच्या अलीकडे काय चालले होते? जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांची योजना आणली, पण त्यात निवडलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते. तान्ह्या बाळाच्या आईशी अंगणात बसून ते काय बोलणार होते? १९८० च्या दशकात अतिसार नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, पुड्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचल्या आणि बऱ्याचशा तिथेच राहिल्या. गावात हुकूमत चालली ती सुई टोचणाऱ्या खासगी डॉक्टराची. हातात सलाईन लागल्याशिवाय उपचार झाला असे आपल्याकडे आजही अनेकांना वाटत नाही. बनगावात बाटली संपल्यावर महालनोबिस यांनी जे करून दाखवले, ते त्यांच्याच देशात बाटलीच्या मोहापुढे मागे पडले.

सक्ती आणि विश्वास

लोकसंख्येच्या प्रश्नावर हा फरक आणखी ठळक झाला. आणीबाणीत भारताने सक्तीचा मार्ग धरला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना उद्दिष्टे ठरवून दिली होती. यात महाराष्ट्र मागे नव्हता. राज्याच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत जनतेने उत्तर दिले. त्यानंतर कितीतरी वर्षे कुटुंबनियोजनाचे नाव काढायला पुढारी बिचकत होते, आणि कार्यक्रमाचा सगळा भार बायकांच्या शस्त्रक्रियेवर येऊन पडला.

बांगलादेशात मेघना खोऱ्यातल्या मतलब इथे ढाक्याची प्रयोगशाळा १९६० च्या दशकापासून गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवत होती. १९७५ मध्ये तिथे वयस्क, निरक्षर सुईणींकरवी गर्भनिरोधक गोळ्या वाटण्याचा प्रयोग झाला आणि फसला. गोळीने मळमळले तर काय करायचे, हे सांगायला कोणी नव्हते. १९७७ मध्ये पद्धत बदलली. त्याच गावातल्या शिकलेल्या, स्वतः कुटुंबनियोजन करणाऱ्या तरुण विवाहित बायका नेमल्या. त्या दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जात, गोळ्या, निरोध, इंजेक्शन यांपैकी बाईला जे हवे ते देत आणि त्रास झाला तर पुन्हा येत. दोनेक वर्षांत गर्भनिरोधक वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतून तिशीच्या पुढे गेले. सरकारने हीच रीत देशभर नेली आणि हजारो कुटुंबकल्याण सहायिका नेमल्या. पडद्यामुळे बाई दवाखान्यात येत नसेल तर दवाखान्याने तिच्याकडे जायचे, एवढे साधे हे तत्त्व होते. बांगलादेशाचा कार्यक्रमही निष्कलंक नव्हता; शस्त्रक्रियेबद्दल पैसे आणि साडी-लुंगी देण्यावर तिथे रास्त टीका झाली. पण तिथल्या कार्यक्रमाचा कणा दारावरची ओळखीची बाई हाच राहिला. १९७० च्या दशकात एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा आकडा सव्वातीनच्या आसपास आला आणि २०११ पर्यंत २.३ वर.

शाळा, शिलाई यंत्र आणि शौचालय

एकदा घराचे दार उघडल्यावर बाकीच्या गोष्टीही त्याच वाटेने आत गेल्या. मुक्तियुद्धात त्रिपुरातल्या मेलाघरला जखमींसाठी झोपड्यांचे इस्पितळ चालवणाऱ्या डॉ. जफरुल्ला चौधरी यांनी सावारला ‘गणस्वास्थ्य केंद्र’ काढले आणि मुलींना सायकलवर बसवून गावोगाव पाठवले. १९८२ च्या राष्ट्रीय औषध धोरणामागेही त्यांचाच आग्रह होता. त्या धोरणाने निरुपयोगी आणि घातक औषधे बाजारातून काढली आणि आवश्यक औषधे देशातच स्वस्तात बनू लागली. लसीकरणात १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बांगलादेश जवळजवळ शून्यावर होता. २००७ पर्यंत तिथल्या दर शंभरातल्या ८० हून अधिक बालकांना सगळ्या लशी मिळत होत्या. २००५-०६ च्या भारतीय पाहणीत हे प्रमाण ४३.५ टक्के होते.

मुलींच्या शिक्षणात चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती उपजिल्ह्यात १९८२ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. माध्यमिक शाळेतल्या मुलीला छात्रवृत्ती. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न नाही. १९९४ मध्ये योजना साऱ्या ग्रामीण भागात लागू झाली. रक्कम मामुली होती, पण ती मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होई. काही वर्षांतच बांगलादेशाच्या माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आणि पुढे गेली.

शिकलेल्या मुलींना काम कुठे होते? ते कपड्यांच्या कारखान्यांत निघाले. निवृत्त सनदी अधिकारी नुरूल कादेर यांच्या ‘देश गारमेंट्स’ने १९७९ मध्ये १३० जणांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे पाठवले. परतल्यावर त्यांतल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. कापड शुल्काशिवाय आणायची सोय आणि निर्यातीच्या पतपत्रावरच कच्च्या मालासाठी पत मिळण्याची सोय, या दोन सरकारी निर्णयांनी उद्योग फोफावला. आज तिथे सुमारे ४० लाख कामगार आहेत, त्यांत बायकांची बहुसंख्या आहे, आणि देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. पहाटे डबा घेऊन ढाक्याच्या रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेल्या मुलींच्या रांगा ही त्या देशाची खरी क्रांती. भारताने १९९१ नंतर वेगाने संपत्ती वाढवली, पण ती सॉफ्टवेअर, वित्तसेवा आणि यंत्रप्रधान कारखान्यांतून. दहावी झालेल्या खेड्यातल्या मुलीला त्यात फारशी जागा नव्हती. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत भारतातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्केच काम करत किंवा शोधत होत्या. बांगलादेशात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते.

शौचालयाची कथाही सीमेच्या दोन्ही बाजूंना जोडणारी आहे. कोलकात्याचे कमल कार २००० च्या सुमारास राजशाही भागातल्या मोसमोइल गावी गेले. शौचालयासाठी अनुदान वाटण्याऐवजी त्यांनी गावकऱ्यांना गावभर फिरवून, घाण कुठून कुठे जाते हे त्यांनाच जमिनीवर नकाशा काढून दाखवायला लावले. पुढचे गावाने केले. ही लोकांच्या पुढाकाराची पद्धत देशभर पसरली, सरकारनेही मोहीम घेतली. आपल्याकडे त्याच सुमारास आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि हजारो गावांनी हातात खराटा घेतला. तरी देशाचे चित्र पालटायला वेळ लागला. २०११ च्या जनगणनेत भारतातली जवळपास निम्मी कुटुंबे उघड्यावर शौचाला जात होती. बांगलादेशात हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते.

हिशेब

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी २०११ ते २०१३ च्या लेखनात हा हिशेब मांडला, तेव्हा भारतात अनेकांना धक्का बसला. १९९० मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशापेक्षा ६० टक्क्यांनी जास्त होते. वीस वर्षांत ते बांगलादेशाच्या जवळपास दुप्पट झाले. त्याच वीस वर्षांत बांगलादेशाने मात्र आरोग्याच्या मोजमापांत भारताला मागे टाकले. १९९० मध्ये दोन्हीकडचे आयुर्मान जवळजवळ सारखे होते. २०११ पर्यंत बांगलादेशी माणूस भारतीयापेक्षा सरासरी चार वर्षे जास्त जगू लागला. १९९० मध्ये तिथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे १४५ पाच वर्षांची होण्याआधी दगावत, भारतात सुमारे १२६. २०१० च्या सुमारास हा क्रम उलटला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षासाठी बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचे १,८७७ डॉलर असेल असा अंदाज दिला, तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला. तो अंदाज करोनाने भारताची अर्थव्यवस्था आक्रसल्यामुळे आला होता, आणि क्रयशक्तीच्या मापाने भारत तेव्हाही पुढेच होता. खरी चिंता करायची होती ती मुलांच्या मृत्यूच्या आकड्याची, आणि त्यावर कधी गदारोळ झाला नाही.

बांगलादेशाची दुसरी बाजूही इथे सांगितलीच पाहिजे. जुलाब टाळावेत म्हणून गावोगाव लाखो हातपंप खोदले. त्यांतल्या कितीतरी पंपांच्या पाण्यात अर्सेनिक निघाले आणि कोट्यवधी लोक वर्षानुवर्षे ते विष पीत राहिले. छात्रवृत्ती असूनही बालविवाह थांबले नाहीत. २०१९ च्या पाहणीत विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या निम्म्याहून अधिक बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. भारतात ते प्रमाण २३ टक्क्यांवर आले आहे. कारखान्यांनी मुलींना पगार दिला, पण संरक्षण दिले नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी सावारची राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार गाडले गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत धाडले होते. आणि राजकारण कुजत गेले. शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या नव्हत्या, सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून २०२४ च्या जुलैमध्ये उठाव झाला, शेकडो मुले गोळ्यांना बळी पडली आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. विकासाचे आकडे फुगवले गेल्याचा ठपका पुढे अंतरिम सरकारच्या श्वेतपत्रिका समितीनेही ठेवला. अंगणापर्यंत पोहोचलेला विकास मतपेटीपर्यंत पोहोचला नाही, तर तो किती ठिसूळ असतो, हा त्या देशाने दिलेला दुसरा धडा.

उशिरा आलेली जाग

भारताला हे जमत नव्हते असे नाही. केरळ आणि तमिळनाडूने बांगलादेशाच्या आधीच हे करून दाखवले होते. महाराष्ट्रात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि दलित बायकांच्या हाती आरोग्य सोपवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरातच नवजात बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास अडकला तर फुंकणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही कामे त्या करत. नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच धर्तीवरचा प्रयोग बांगलादेशात सिल्हेटला झाला आणि तिथेही मृत्यू घटले. म्हणजे बनगावहून निघालेले ज्ञान जसे पूर्वेला गेले, तसेच गडचिरोलीचेही गेले. भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला तो २०११ मध्ये.

त्याला हात मिळाले होते ते २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या ‘आशां’चे. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. त्या घरोघरी जाऊ लागल्या आणि आकडे हलले. जुलाबात जलसंजीवनी मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण २६ वरून २०१९-२१ च्या पाहणीत ६० टक्क्यांवर गेले. एका बाईमागे सरासरी मुलांची संख्या कोणत्याही सक्तीशिवाय २.० वर आली. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. बालमृत्यूंच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अंदाजात दोन्ही देश हजारी २९ वर बरोबरीत आले. जे बांगलादेशाने कमी पैशांत आधी केले, ते आपण जास्त पैशांत वीस वर्षे उशिरा केले. त्या वीस वर्षांत दर वर्षी जी लाखो मुले गेली, त्यांतली कितीतरी चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळावर वाचली असती.

दोन्ही देशांच्या इतिहासात एक अन्याय मात्र समान आहे. अंगणात बसून शिकवणारी, गोळ्या घेऊन दारोदार फिरणारी, यंत्रावर वाकून देशाला डॉलर मिळवून देणारी बाई दोन्हीकडे स्वस्तात राबवून घेतली गेली. ब्रॅकच्या स्वास्थ्यसेविकेला पगार नव्हता. औषधे विकून जे सुटेल ते तिचे. आपली आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ आहे. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. वेतन, निवृत्तिवेतन मिळत नाही. महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक बायकांना २०२४ च्या सुरुवातीला साध्या मानधनवाढीच्या शासन निर्णयासाठी मुंबईत आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसावे लागले.

पन्नास वर्षांच्या या तुलनेतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध झाली आहे: मूल वाचते ते दारापर्यंत आलेल्या बाईमुळे. तिला कायम नोकरी आणि पूर्ण वेतन देणे हा राज्याच्या अंदाजपत्रकातला पहिला खर्च असला पाहिजे. ही मागणी एकट्या आशांनी करायची नाही. तिच्यामुळे ज्यांची मुले धडधाकट वाढली, त्या प्रत्येक घराने ती करायची आहे.